10 ऑगस्ट 2005

डायरीत या तारखेखाली माझ्या अक्षरात एवढंच आहे: "नळी उन्हात ठेवली. आरशावर गाळ."

तेव्हा आम्ही बदलापुरात तळमजल्यावर राहायचो. 26 जुलैला उल्हास नदी घरात शिरली. "अहो, आधी तांदळाचं पिंप वर घ्या!" बायको ओरडली. पिंप वर गेलं, पोरांची दप्तरं माळ्यावर गेली, सहा इंची दुर्बीण कोपऱ्यात राहिली. तिचा आरसा मी चार महिने रोज संध्याकाळी कार्बोरंडमच्या भुकटीने घासून केलेला.

पुढच्या जानेवारीत एका दूरच्या ग्रहाच्या शोधाची बातमी वाचली आणि तारखा बघून डायरी काढली. आपण चिखल उपसत होतो त्याच दिवसांत आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेला एक फिकट तारा उजळत चालला होता. 31 जुलैला तो तिप्पट तेजस्वी झाला. त्याच्यात काही घडलं नव्हतं. आपल्या आणि त्याच्या मधून एक छोटा लाल तारा सरकत होता आणि त्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागचा प्रकाश भिंगातून यावा तसा आपल्याकडे वळत होता. अशा वेळी प्रकाशाचा आलेख टेकडीसारखा गुळगुळीत चढतो, तसाच उतरतो. याचा उतरताना, 10 ऑगस्टला, जरासा फुगला. जेमतेम दिवसभर.

तो फुगवटा म्हणजे त्या लाल ताऱ्याचा ग्रह! पृथ्वीच्या साधारण साडेपाचपट वस्तुमानाचा, उणे 220 अंशांवर गारठलेला, सुमारे 20 हजार प्रकाशवर्षांवर. त्याला कोणीही पाहिलेलं नाही. चिलीतल्या ला सिया वेधशाळेतली डॅनिश दुर्बीण, मग ऑस्ट्रेलियातलं पर्थ, असा रात्रीचा पहारा एकाने दुसऱ्याकडे दिला म्हणून तो हाती लागला. ते दोन तारे काही पुन्हा तसे रांगेत येणार नाहीत.

आइन्स्टाइनने 1936 साली ताऱ्याचं असं भिंग होण्याचं गणित छापलं तेव्हाच, प्रत्यक्ष दिसायची फारशी आशा नाही, असंही लिहून ठेवलं होतं. त्याचंही बरोबर, लाखो ताऱ्यांचा प्रकाश रोज रात्री मोजणारे कॅमेरे तेव्हा कुठे होते?

माझी तक्रार वेगळी आहे. आकाशगंगेचं केंद्र रात्रभर दिसायचे महिने म्हणजे आपला ऐन पावसाळा. अर्थात आभाळ कोरडं असतं तरी हे प्रकरण माझ्या सहा इंचीच्या आवाक्यातलं नव्हतं. तरी चुटपुट लागलीच.

आरशाला नवा मुलामा दिला. कडेला एका जागी मात्र उल्हासचा तपकिरी डाग अजून आहे.