आमच्या माळ्यावर पण हेच आहे की!

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहून टाकते, कारण चिनी आर्टिस्ट सोंग डोंगच्या 'वेस्ट नॉट' (म्हणजे काही वाया घालवू नका) या कलाकृतीचा फोटो मोबाईलवर दाखवला की हमखास हेच ऐकायला मिळतं, अगं आमच्या आईच्या माळ्यावर पण एवढंच भंगार आहे, मग ती पण आर्टिस्ट का? (नावावरून सोंग-ढोंगचा जोकही ठरलेला. झालं हसून? बरं.)

फोटोत दिसतं ते असं, जमिनीवर ओळीने मांडलेल्या रिकाम्या बाटल्या, झाकणं, पिळून संपलेल्या टूथपेस्टच्या ट्यूबा, चपला-बूट, कपड्यांचे तुकडे, आणि मध्ये जुन्या घराचा लाकडी सांगाडा. 10,000 च्या वर वस्तू आहेत आणि सगळ्या त्याच्या आईच्या घरातल्या. झाओ श्यांगयुआन तिचं नाव. टंचाईचा काळ काढलेली बाई, काहीच टाकायची नाही. साबण रेशनवर मिळायचा तेव्हाच्या वड्या तिने पोराच्या लग्नासाठी जपून ठेवलेल्या, आणि पोरगा म्हणतो माझ्याकडे वॉशिंग मशीन आहे! तरी त्याच्या वाटणीच्या वड्या तिने ठेवल्याच.

2002 मध्ये नवरा अचानक गेला आणि मग तिचं साठवणं हाताबाहेर गेलं, घरात पाय ठेवायला जागा नाही, मुलांनी आवरायला घेतलं की वाद. शेवटी सोंग डोंगने आवरायचा नाद सोडला आणि म्हणाला आपण हे सगळं मांडूया. 2005 मध्ये बेजिंगच्या एका गॅलरीत पहिल्यांदा मांडलं ते आईला सोबत घेऊनच, कारण कुठली वस्तू कधीची, का ठेवली, हे तिलाच माहीत ना, आणि बघायला आलेल्या लोकांनाही असल्याच आठवणी, मग काय, गप्पाच गप्पा. घरात कोंडून बसलेली बाई त्या निमित्ताने माणसांत आली. म्हणून म्हणते, या केसमध्ये तुमचा टोमणा अगदी बरोबर आहे, आई पण आर्टिस्टच होती.

वर निऑनमध्ये वडिलांसाठी एक ओळ लावलेली असते, बाबा काळजी करू नका, आई आणि आम्ही बरे आहोत.

2009 मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या म्युझियममध्ये हेच सगळं पुन्हा लागलं, पण त्याच वर्षी आधी आई गेली होती, जखमी पक्ष्याला वाचवायला शिडीवर चढली आणि पडली. मग तिच्या वस्तू बहिणीने, बायकोने आणि त्याने मिळून मांडल्या.