तुम्ही विचारलंत म्हणून: वादळं खरंच वाढलीत का?

लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, फॅमिली ग्रुपवर, मला सगळीकडे हेच विचारतात, "टीचर, वादळं खरंच वाढलीत की हल्ली जो तो व्हिडिओ काढतो म्हणून तसं वाटतं?" ठाण्यात इतकी वर्षं भूगोल शिकवला आणि गच्चीवर पर्जन्यमापक ठेवलाय, त्यामुळे मलाच विचारणार. तर एकदा नीट सांगते.

व्हिडिओंचा भाग आहेच, नाही म्हणत नाही. पण "किती वाढली" या प्रश्नातच गडबड आहे. अमेरिकेतल्या टोर्नेडोंचं, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या सोंडेसारख्या वावटळींचं बघा, वर्षाचा एकूण आकडा काही सरळ वाढत गेलेला नाही, पण टोर्नेडो होणारे दिवस कमी झालेत आणि ज्या दिवशी होतात त्या दिवशी एकामागून एक होतात. नुसता आकडा धरून बसलं तर हे कळतच नाही.

13 मे 2024 आठवतोय ना? मी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. सकाळपासून नुसती घुसमट, ब्लाउज पाठीला चिकटलेला, समोरच्या पिंपळाचं पानसुद्धा हलत नव्हतं. दुपार कलली आणि मुंब्र्याच्या डोंगरामागून काळा ढग चढला, मी कुरडया गोळा करायला धावले तर पावसाच्या आधी धूळच आली, गार वाऱ्याचा असा लोट आला की प्लास्टिकचा कागद कुरडयांसकट हातातून गेला आणि दाताखाली माती करकरायला लागली. मुलगा मुलुंड आणि ठाण्याच्या मधे लोकलमध्ये अडकलेला, फोन लागेना. रात्री घाटकोपरला कोसळलेल्या होर्डिंगच्या बातम्या बघत बसलो. 17 माणसं गेली त्यात.

झालं काय होतं, तर मे महिन्यात खाली समुद्रावरून दमट हवा येते आणि तिच्यावर देशावरून आलेली गरम कोरडी हवा बसते, कुकरच्या झाकणासारखी. खालची वाफ वर जाऊ शकत नाही, म्हणून ती घुसमट. मग घाटावर कुठेतरी झाकण उघडतं, ढग दहा-बारा किलोमीटर उंच जातो, वरच्या वाऱ्याबरोबर आपल्याकडे सरकतो, आणि त्यातून पडणाऱ्या पावसाने गार झालेली जड हवा धाडकन खाली येऊन जमिनीवर पसरते. ती धूळ म्हणजे त्या हवेची पुढची कडा.

आता यात बदललंय काय? हवा एक अंशाने तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरते, आणि आपला अरबी समुद्र गेल्या चाळीसेक वर्षांत एक अंशाहून जास्त तापलाय. म्हणजे इंधन वाढलं. हवामानाची संगणकावरची मॉडेल्स सांगतात की पुष्कळ ठिकाणी झाकणही घट्ट होत जाणार, म्हणजे बरेच दिवस काहीच होणार नाही आणि झालं की जोरात होणार. उंचीप्रमाणे वारा बदलतो त्याचंही बघावं लागतं, तो नीट जमला तर ढग टिकतो, गारा मोठ्या होतात, आणि त्याच्याबद्दल चित्र अजून तितकं सरळ नाही.

चक्रीवादळांचं मात्र मोजून झालंय. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1982 ते 2000 आणि 2001 ते 2019 असे दोन काळ ताडून पाहिले, अरबी समुद्रात चक्रीवादळांच्या संख्येत 52 टक्के वाढ, बंगालच्या उपसागरात तशी वाढ नाही. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग, 2021 च्या मेमध्ये तौक्ते, लागोपाठ दोन वर्षं आपण खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून बसलो होतो, आठवा. माझ्या लहानपणी चक्रीवादळ म्हटलं की ओरिसा नाहीतर आंध्र, आपला काय संबंध असंच वाटायचं.

म्हणून मी सगळ्यांना कळकळीने सांगते, मे महिन्यात वारा पडला, जीव घुसमटला आणि पूर्वेला ढग चढायला लागला की मुलांना मैदानावरून घरी बोलवा, झाडाखाली, होर्डिंगखाली थांबू नका, वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनमध्ये ठेवा. "आपल्याकडे कुठे एवढं होतं" असं कोणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

माझ्या वहीत त्या 13 मेच्या रकान्यात पाऊस अगदी किरकोळ आहे. वही बघून कोणाला कळणारही नाही त्या दिवशी काय झालं ते. वाऱ्यासाठी मी तेव्हापासून वेगळा रकाना आखलाय.