तुम्ही विचारलंत म्हणून: परीक्षेला डोकं कुठून आणलंस?

खुर्चीत बसलेला माणूस आरशाशेजारचं माझं प्रमाणपत्र वाचतो आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "न्हाव्याला कसली रे परीक्षा? तयारी काय केलीस?" परवा तुम्हीही विचारलंत. मुलाला या धंद्यात घालायचं म्हणत होतात. तेव्हा मशीन चालू होतं, नीट बोलता आलं नाही, म्हणून आता सांगतो.

केस कापायची वेगळी तयारी मी केलीच नाही. ठाण्यात कोपरीला मामाच्या दुकानात दोन वर्षं उमेदवारी झाली होती. कात्रीचं एक पातं स्थिर, अंगठ्याचं तेवढं हलतं, हे शिकवायला मामाने सुरुवातीला कित्येक दिवस नुसती हवेत कात्री चालवायला लावली होती. मशीनच्या गार्डचा, म्हणजे केस किती ठेवायचे ते ठरवणाऱ्या कंगव्याचा, हिशेबही पाठ होता, एक नंबर म्हणजे 3 मिलिमीटर, दोन म्हणजे 6. अवघड होतं ते डोकं मिळवणं. आपलं गिऱ्हाईक आपणच आणायचं, केस आणि वस्तऱ्याची दाढी दोन्ही करून घेणारं, असं परीक्षा केंद्राने सांगितलं होतं. आणि तारीख पडली श्रावणात, दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी.

श्रावणात आमचा धंदा कसा बसतो, तुम्ही जाणताच. गटारीच्या आधी बाकावर टेकायला जागा नसते, मग महिनाभर निम्मी माणसं दाढी वाढवून हिंडतात. सरावाला गोविंदा पथकातली पोरं मिळाली, त्यांना हंडीआधी फुकटातला फेड, म्हणजे बाजूंनी खाली बारीक होत जाणारा कट, हवाच होता. पण चौघांची मिळून एक दाढी भरली नसती, आणि हंडीच्या दुसऱ्या दिवशी ती सकाळी उठण्यातली नव्हती. शेवटी चेंदणी कोळीवाड्यातले एक आजोबा, मामाचं जुनं गिऱ्हाईक, तयार झाले. "श्रावण आमची म्हातारी पाळते," म्हणाले, "मी येतो."

दाढीचा सराव फुग्यावर. जांभळी नाक्यावरून पाकीट आणायचं, फुगा फुगवून त्याला फेस लावायचा आणि ब्लेडने तो फेस उतरवायचा. पहिल्या रात्री 11 फुगे फुटले. शेजारच्या काकू दारात येऊन विचारून गेल्या, वाढदिवस कुणाचा आहे? ब्लेड साधारण 30 अंशांत धरायचं आणि मनगटाचा भार द्यायचा नाही, एवढं फुगा शिकवतो. कातडी ताणायला मात्र तो शिकवत नाही, कारण तो आधीच ताणलेला असतो. आजोबांचे गाल तसे नव्हते. दात गेल्यामुळे खळगे पडलेले, हनुवटीखाली केस गोल फिरलेले. मग दर तीन दिवसांनी त्यांना बसवलं आणि कुठे दोन बोटांनी वर ओढायचं, कुठे मान मागे टेकवायची, ते शोधत राहिलो.

बाकीचे तीन आठवडे गेले सवयी मोडण्यात. कंगवा शर्टाच्या खिशात खोचायचा नाही, मशीनवरचे केस तोंडाने फुंकायचे नाहीत, खाली पडलेली कात्री पँटला पुसून पुन्हा डोक्याला लावायची नाही. खरी कुरबुर झाली ती तुरटीवरून. ब्लेडच्या बाबतीत मामाची कधी कुचराई नाही. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत कागदातच मोडतो आणि नवं अर्धं वस्तऱ्यात घालतो. पण तुरटीचा खडा एकच, सगळ्यांच्या गालांवरून फिरणारा. केंद्रातल्या मॅडमनी सांगितलं होतं की हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान 7 दिवस टिकतो, तेव्हा रक्त लागू शकेल अशी वस्तू दोघांना वापरायची नाही. मी मामाला सांगितलं. तो उसळला, "तुझ्या आजोबांपासून या दुकानात तुरटीच लागते!" "हाच खडा?" मी विचारलं. त्याच्या हातात फवारा होता म्हणून, नाहीतर फटका बसला असता.

परीक्षेच्या दिवशी केस ठीक झाले. तोंडीत मॅडमनी विचारलं, "डोक्यात गजकर्ण दिसलं तर काय कराल?" मी म्हटलं, कापणार नाही, डॉक्टरांना दाखवायला सांगेन, पण कानात, सगळं दुकान ऐकेल असं नाही. दाढीत, हनुवटीखाली उलटा हात मारताना रक्ताचा एक थेंब आला. आजोबा मोठ्याने म्हणाले, "तुरटी फिरव की रे!" मी वस्तरा बाजूला ठेवला, हातमोजे घातले, स्वच्छ गॉज दाबून धरला. रक्त थांबल्यावर ते ब्लेड डब्यात टाकलं, दुसऱ्या निर्जंतुक वस्तऱ्यात नवं लावलं आणि उरलेली दाढी पुरी केली. हात थरथरला का, असंही लोक विचारतात. थरथरला. दाबून धरायचंच काम होतं, म्हणून दिसला नाही. थेंबाचे गुण गेले, पण त्यानंतर जे केलं त्याचे मिळाले, हे मॅडमनीच नंतर सांगितलं.

तेव्हा तुमच्या मुलाची तारीख श्रावणात आली, तर आधी दाढीवाला माणूस धरून ठेवा. फुगे गोल घ्या, लांबट हातात फिरतात.

तुरटी आता आमच्याकडे पाण्यात विरघळवून फवाऱ्यात भरलेली असते. मामा तिला माझं गंगाजल म्हणतो, पण वापरतो. आजोबांना ती काही पटलेली नाही. दाढी झाली की ते बंडीच्या खिशातून चुन्याची जुनी डबी काढतात, आतला छोटा खडा माझ्यापुढे धरतात आणि म्हणतात, "हा लाव. माझा स्वतःचा आहे."