भाजणीच्या वहीतले ०.०५ बिटकॉइन

२०२४च्या दिवाळीआधी धाकट्या बहिणीने टोरोंटोहून आईकडे चकलीच्या भाजणीचं प्रमाण मागितलं. आईला ते झोपेतही पाठ आहे, पण बहिणीला लेखी हवं होतं. म्हणून आईने जुनी वही काढली, पान उघडलं, फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपवर आम्ही तेवीस जण. दोन मिनिटांत बहिणीचा मला वेगळा मेसेज: "दादा, शेजारच्या पानावर तुझ्या अक्षरात हे काय खरडलंय?"

मी ऑफिसात होतो. फोटो मोठा करून बघितला. उजवीकडे आईचं गोल अक्षर: तांदूळ चार वाट्या, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक. डावीकडे निळ्या जेल पेनने चार-चारच्या गटात लिहिलेली इंग्रजी अक्षरं आणि आकडे, पाच या आकड्याने सुरू होणारी. पोटात गोळाच आला. ती माझ्या बिटकॉइनची, म्हणजे इंटरनेटवरच्या चलनाची, प्रायव्हेट की होती: ही गुप्त किल्ली ज्याच्या हाती, नाणी त्याची. अकरा वर्षं मी जी हरवली म्हणून सोडून दिली होती, ती आता तेवीस जणांच्या फोनमध्ये होती.

आईला फोन केला. "फोटो डिलीट कर, आत्ता." "कुठलं डिलीट? इथे दोन दाखवतंय, माझ्यासाठी आणि सगळ्यांसाठी." "सगळ्यांसाठी!" तोवर एका काकांनी खाली लिहिलं होतं, "वा! यंदा चकल्या जोरात."

हे ०.०५ बिटकॉइन माझ्याकडे आले २०१३च्या डिसेंबरात. मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. ब्यूनोस आयर्समधल्या एका दुकानदाराची वेबसाइट दुरुस्त करून दिली होती. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, डॉलर पाठवणं अवघड आहे. अर्जेंटिनात २०११पासून डॉलर खरेदीवर निर्बंध होते. इकडे मीही परदेशातून तीन हजार रुपये मागवले असते, तर त्यातला बराचसा भाग बँकेच्या कपातीतच उडून गेला असता. त्याने विचारलं, बिटकॉइन चालेल का? चालेल म्हटलं, आणि अर्ध्या तासात आले. मधे ना बँक, ना फॉर्म, ना स्विफ्ट कोड. मला वाटलं, जगाचं काम झालं.

कोथरूडच्या एका अमृततुल्यमध्ये आम्ही चार-पाच जण रोज संध्याकाळी बसायचो, आणि बोलायला दुसरा विषय नसायचा. २०१०च्या २२ मे रोजी फ्लोरिडातल्या लाझलो हॅन्येझने दहा हजार बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा मागवले, ही कथा आम्ही एकमेकांना पुराणातल्यासारखी सांगायचो. ब्लॉग आणि वेबसाइट चालवणाऱ्या वर्डप्रेसने २०१२पासून बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली होती. कारण काय, तर जगात कितीतरी देशांत कार्ड आणि पेपाल पोचतच नाहीत. आम्हाला ते आपलंच दुःख वाटायचं. म्हणून एकदा ठरलं, चहाचा हिशेब आपसात बिटकॉइनमध्ये करायचा. एकाने चौघांचे पैसे द्यायचे, बाकीच्यांनी त्याच्या फोनवर पाठवायचे. पाठवताना कळलं, वॉलेट (बिटकॉइन ठेवायचं ॲप) ०.०००१ बिटकॉइन फी लावतंय. त्या दिवसांच्या भावाने सहा रुपये. चहा आठ रुपयांचा. शिवाय व्यवहार ब्लॉकमध्ये बसायला, म्हणजे बिटकॉइनच्या सार्वजनिक नोंदवहीत पक्का व्हायला, सरासरी दहा मिनिटं. चहा पिऊन, कप परत देऊन, आम्ही फोनकडे बघत उभे! चहावाल्याने विचारलं, "उधारी लिहू का?" तो प्रयोग तिथेच संपला.

मग २४ डिसेंबरला रिझर्व्ह बँकेने आभासी चलनांबद्दल सावधगिरीचं पत्रक काढलं. पाठोपाठ इथल्या खरेदी-विक्रीच्या काही साइट बंद पडल्या. विकायचं मनात आलं तेव्हाच दार लागलं. मी मग इंटरनेट तोडून कागदी वॉलेट तयार केलं, म्हणजे ती प्रायव्हेट की त्यावर टाकली, प्रिंट काढली आणि फाइलमध्ये ठेवली. घर बदलताना ती फाइल गेली. आईच्या वहीत हाताने एक प्रत उतरवून ठेवली होती, हे मात्र साफ विसरलो. वही निवडण्यामागे तेव्हा अक्कल होती बहुतेक: घरातलं काहीही रद्दीत जाईल, पण ती वही जाणार नाही.

बिटकॉइन ज्यावर आले तो पत्ता (खाते क्रमांकासारखा) मात्र त्या दुकानदाराला पाठवलेल्या मेलमध्ये शाबूत होता. त्यामुळे अकरा वर्षं अधूनमधून कुठल्याही ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे पत्त्यावरची शिल्लक दाखवणाऱ्या साइटवर, टाकून बघायचो. ०.०५, जागच्या जागी. शिंक्यावरचं लोणी दिसतंय, हात पोचत नाही.

आता हात पोचत होता, पण लोण्यावर तेल सांडलेलं होतं. अक्षरशः. वहीवर कधीतरी तेलाचा थेंब पडला होता आणि जेल पेनची शाई पसरून एक अक्षर पूर्ण पुसलं गेलं होतं. तरीही ग्रुपवरच्या फोटोने नुकसान होऊ शकलं असतं, हे नंतर कळलं.

ही की ५१ अक्षरांची असते. ज्या अक्षरसंचात ती लिहितात त्यात ५८ चिन्हं आहेत. शून्य, कॅपिटल ओ, कॅपिटल आय आणि लहान एल ही चार मुद्दाम वगळली आहेत, कारण ती एकमेकांसारखी दिसतात. म्हणजे ठरवणाऱ्याला माझ्यासारख्यांच्या अक्षराची कल्पना होती. पण पुरेशी नव्हती. सी, एस, व्ही, डब्ल्यू, एक्स, झेड यांचं लहान आणि कॅपिटल रूप माझ्या हातून सारखंच उतरतं. अशा अकरा जागा निघाल्या. प्रत्येकीला दोन पर्याय, म्हणजे २०४८ जोड्या; पुसलेल्या अक्षराचे ५८ पर्याय; एकूण १,१८,७८४. हाताने अशक्य, पण कीच्या शेवटच्या भागात तिचीच पडताळणी करणारे चार बाइट दडलेले असतात. एक अक्षर जरी चुकलं तरी हिशेब जुळत नाही, आणि चुकून जुळायची शक्यता चारशे कोटींत एक. जुना लॅपटॉप काढला, वायफाय बंद केलं, वीस ओळींचा पायथन प्रोग्राम लिहिला. की शोधून देतो म्हणणारे लोक टेलिग्रामवर पैशाला पासरी आहेत. त्यांना की दाखवणं म्हणजे तिजोरीची किल्ली चोराकडून घासून घेणं.

प्रोग्राम काही सेकंदांत संपला. जुळलेल्या: शून्य.

दोन रात्री मी भिंग घेऊन त्या पानावर वाकून बसलो. तिसऱ्या दिवशी आई चहा घेऊन आली आणि खांद्यावरून बघत म्हणाली, "हा नऊ नाहीये रे. तू जी असाच काढायचास, शेपटी ओढायला कंटाळा. बाईंनी वहीत शेरा दिला होता." नऊ, लहान जी आणि लहान क्यू! अशा जागा दोन होत्या. प्रत्येकीला तीन पर्याय धरले, म्हणजे नऊपट काम: १०,६९,०५६. पुन्हा चालवला. एक जुळली. त्या कीवरून पत्ता काढला आणि मेलमधल्या पत्त्याशी अक्षर-अक्षर ताडून बघितला. तोच. मी ओरडलो, आई दचकली, चहा लॅपटॉपशेजारी सांडला. वही तेवढी वाचली.

पुढची पायरी सोपी. इलेक्ट्रम वॉलेटमध्ये नवं खातं उघडलं आणि जुन्या कीवरची सगळी नाणी तिकडे ओढून घेतली. फी शंभर-सव्वाशे रुपये, वीसेक मिनिटांत पक्कं. (२०१७च्या १ ऑगस्टला बिटकॉइनपासून बिटकॉइन कॅश हे वेगळं चलन फुटून निघालं, त्याचेही ०.०५ त्याच कीवर आहेत. किंमत तेव्हा दीडेक हजार. तेवढ्यासाठी कोण खटपट करणार?)

अवघड काम होतं ते पुढे, रुपये करण्याचं. ०.०४५ विकायचे, बाकीचे ठेवायचे, असं ठरवलं. एका भारतीय एक्स्चेंजवर, म्हणजे अशा नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या साइटवर, खातं काढलं. पॅन, आधार, मान डावीकडे वळवून सेल्फी. नाणी पोचली आणि तिथेच अडकली: "स्रोत स्पष्ट करा." अकरा वर्षांपूर्वीचा स्पॅनिश सही असलेला मेल पाठवला. दोन दिवसांनी उत्तर, "कृपया खरेदीची पावती जोडा." खरेदी नाहीच, मजुरी आहे, हे मी तीन वेळा लिहिलं आणि तिन्ही वेळा तेच छापील उत्तर आलं. सहाव्या दिवशी, कुठलंही कारण न देता, सुटली. ५६ लाखांच्या भावाने २,५२,००० रुपये झाले. एक टक्का टीडीएस जागच्या जागी कापला गेला.

सीए काकांकडे गेलो. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तेव्हा हे उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवलं होतंस?" तेव्हा मी रिटर्नच भरत नव्हतो. "मग खरेदी किंमत शून्य धर. तीस टक्के, वर चार टक्के सेस. ७८,६२४. अकरा वर्षं ठेवलंस म्हणून सूट वगैरे काही नाही. आणि आगाऊ कर १५ डिसेंबरच्या आत भर, नाहीतर व्याज." वही, भिंग, प्रोग्राम यांचा खर्च वजा होतो का, असं मी गमतीने विचारलं. ते हसले नाहीत.

परवा त्याच अमृततुल्यमध्ये जुनी टोळी जमली. चहा आता महाग झालाय आणि काउंटरवरचा डबा "पैसे प्राप्त झाले" म्हणून ओरडतो. दहा मिनिटं तर सोडाच, दहा सेकंदही कोणी थांबत नाही. आमच्यातला एक अजूनही लाइटनिंगचं, म्हणजे बिटकॉइन चटकन आणि कमी फीत पाठवायच्या सोयीचं, सांगत होता, एल साल्वाडोरमधल्या एल झोंते गावात मासे त्यावर विकले जातात म्हणत होता. त्याच देशाने २०२१च्या सप्टेंबरात बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं आणि २०२५च्या जानेवारीत ते घेण्याची सक्ती काढून टाकली, हे मी सांगितलं तर चिडला. माझं मत विचाराल तर चहापुरतं हे प्रकरण मिटलंय. पण त्या अर्जेंटिनाच्या दुकानदारासारखी माणसं अजून आहेत, आणि त्यांची गरजही तीच आहे. ती आता बहुतेक वेळा डॉलरशी बांधलेल्या स्टेबलकॉइनने भागवतात, कारण दुकानदाराला संध्याकाळी गल्ल्यात सकाळइतकेच पैसे हवे असतात. २०१३मध्ये आमच्यातलं कुणी हे बोललं असतं तर बाकीच्यांनी त्याला चहातून बाद केलं असतं.

उरलेले ०.००५ नव्या वॉलेटमध्ये आहेत. यात की उतरवायची नसते, इंग्रजीतले साधे बारा शब्द सांभाळायचे असतात. ते कुठे ठेवायचे यावर घरात चर्चा झाली. तांदळाचा डबा, बँकेचा लॉकर, पुन्हा तीच वही. शेवटी आई म्हणाली, "एवढी स्तोत्रं पाठ आहेत, बारा शब्दांचं काय घेऊन बसलास? सांग मला." रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की ती दोनदा म्हणते. मधे एक भाजीचं नाव येतं, तिथे दर वेळी हसते. सध्या आठ झालेत.