मिलिग्रॅमचा आठवा भाग

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी, ऐन पावसाळ्यात, मी एका कार्बन-कार्बन बंधापाशी अडकले ती थेट दिवाळीपर्यंत.

विषय होता समुद्री स्पंजातल्या एका रेणूचं संश्लेषण. एवढा खटाटोप कशाला, स्पंजच आणा की, असं घरी विचारायचे. मग मी हॅलिकॉन्ड्रिन बी या स्पंजातल्याच दुसऱ्या एका रेणूचा हिशेब सांगायचे: जपानी शास्त्रज्ञांनी ६०० किलो स्पंज गोळा केला, हाती आले १२.५ मिलिग्रॅम. त्याच रेणूच्या साधारण अर्ध्या भागावर बेतलेलं एरिब्युलिन अमेरिकेत २०१० पासून स्तनांच्या कर्करोगावर दिलं जातं आणि ते सगळं फ्लास्कमध्येच बनतं. आई म्हणाली, "मग तुझं कधी बनणार?"

माझं घोडं अडलं होतं नोझाकी-हियामा-किशी अभिक्रियेपाशी. अल्डिहाइड आणि व्हिनाइल आयोडाइड हे दोन तुकडे कार्बन-कार्बन बंधाने जोडून अल्कोहोल करायचं; त्यासाठी भरपूर क्रोमियम क्लोराइड आणि नावापुरतं निकेल. अल्डिहाइडपर्यंत पोचायलाच चौदा पायऱ्या, म्हणून दर खेपेला वीस मिलिग्रॅमच वापरायचे. टीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगवेगळ्या ठिपक्यांत दाखवणाऱ्या पट्टीवर, अल्डिहाइडचा स्पॉट तसाच, आणि आयोडाइडमधलं आयोडीन जाऊन तिथे नुसता हायड्रोजन बसलेला. म्हणजे कुठूनतरी पाणी शिरत होतं. क्रोमियम क्लोराइड ओलावा ओढून घेतं, त्यात पुण्याचा जुलै. डीएमएफ हे द्रावक नव्याने डिस्टिल केलं, वजनं ग्लोव्ह बॉक्समध्ये, म्हणजे हवा-ओलावा नसलेल्या बंद पेटीत, करू लागले. पाण्याचा त्रास संपला. पण आता एका खेपेला काहीच होईना, तर पुढच्या खेपेला आयोडाइडचे दोन रेणू एकमेकांनाच चिकटलेले.

सर म्हणाले, "जुने पेपर काढून वाच." सुरुवातीच्या काळात ही अभिक्रिया क्रोमियमच्या बाटलीगणिक वेगळी वागायची. १९८६ मध्ये किशी आणि नोझाकी यांच्या गटांना स्वतंत्रपणे उमगलं, की खरी किमया क्रोमियममध्ये भेसळ म्हणून आलेल्या निकेलची होती!

मग मी मुकाट्याने हिशेब मांडला. २५ मिलिग्रॅम क्रोमियम क्लोराइडला अर्धा टक्का निकेल क्लोराइड, म्हणजे मिलिग्रॅमचा आठवा भाग. आमचा काटा दाखवतो मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत. इतके महिने मी निकेल अंदाजपंचे, कधी कमी तर कधी जास्त, टाकत होते आणि वहीत ऐटीत ०.१ लिहीत होते.

ग्रॅमभर क्रोमियम क्लोराइडमध्ये पाच मिलिग्रॅम निकेल क्लोराइड ग्लोव्ह बॉक्समध्येच खलून ठेवलं, वर्षाचा मसाला करून ठेवावा तसं. लागेल तेव्हा त्यातलंच घ्यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी टीएलसीवर नवा स्पॉट. खरं तर दोन, अगदी खेटून. डायास्टिरिओमर, म्हणजे अणूंची जोडणी तीच, फक्त अवकाशातली मांडणी वेगळी! पण ते वेगळे करत बसायची गरज नव्हती. पुढच्याच पायरीत त्या अल्कोहोलचा कीटोन करायचा होता, त्यात हा फरक पुसलाच जातो.