मामांच्या ट्रंकेतला भरतीचा कागद

कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटल सेंटरमध्ये प्रशिक्षण घेऊन 1988 साली फौजेत गेलेले माझे मामा 1997 साली अपस्माराच्या झटक्यांमुळे बोर्ड आउट होऊन, म्हणजे वैद्यकीय कारणाने सेवेतून मुक्त होऊन, नागपूरला परतले. मेडिकल बोर्डाने अपंगत्व 20 टक्के ठरवले. पण आजार प्रकृतिजन्य आहे, सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, असा एका ओळीचा शेरा मारल्याने अपंगत्व पेन्शन नाकारली गेली. "डॉक्टरांनी लिहिलं म्हणजे खरंच असेल," असे म्हणत मामांनी तो कागद पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून दिला आणि पुढची सारी वर्षे दोष आपल्याच शरीराचा मानला.

प्रत्यक्षात, त्यांना लागू असलेल्या अपंगत्व पेन्शनच्या 1982 च्या नियमांत सैनिकाच्या बाजूने स्पष्ट गृहीतक आहे. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे उद्भवला आणि त्यामुळे सैनिकाला घरी पाठवले, तर प्रकृतीतील बिघाड सेवेमुळे झाला असे मानायचे असते. सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नसतो आणि वाजवी शंकेचा फायदा त्यालाच मिळतो. सिग्नल कोअरमधील शिपाई धरमवीर सिंग यांनाही अपस्मारामुळेच सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर घरी पाठवले होते. त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली हेच नियम उलगडून दाखवले आणि कारणे न देता मारलेला बोर्डाचा शेरा पुरेसा मानला नाही. सप्टेंबर 2023 पासून नवे नियम आले आहेत. मामांचे प्रकरण मात्र जुन्याच नियमांत बसते.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ती ट्रंक उघडली, तेव्हा डिस्चार्ज बुकाच्या घडीत भरतीच्या तपासणीचा पिवळा पडलेला कागद सापडला. घड्यांवर तो विरला होता. पण आजाराच्या रकान्यात शाईने लिहिलेले "निल" स्वच्छ वाचता येत होते. मी तो मामांच्या हातात दिला, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून तो शब्द दोनदा वाचला आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

दावा मान्य झाला, तर 20 टक्के अपंगत्व 50 टक्के धरले जाते, कारण बोर्ड आउट झालेल्यांसाठी 1996 पासून तशी तरतूद आहे. शिवाय सेवेचा घटक, म्हणजे केलेल्या सेवेबद्दलचा पेन्शनचा भाग, वेगळा मिळतो, आणि आमच्या घरासारख्या घरात या रकमेला फार अर्थ आहे. उशिरा केलेल्या दाव्यात थकबाकी मात्र साधारणपणे अर्जाच्या आधीच्या तीनच वर्षांची मिळते, म्हणजे मधला जवळजवळ पाव शतकाचा काळ गेला तो गेलाच. याचा मला मनापासून संताप येतो, कारण 1997 साली ही एक ओळ त्यांना कोणी तरी नीट समजावून सांगायला हवी होती.

सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे अर्ज करायचे ठरले आहे. वकिलांनी मूळ कागद मागितला, तेव्हा मामांनी झेरॉक्सच दिली; मूळ कागद ते स्वतः सुनावणीला घेऊन जाणार आहेत.