काकूंचा टास्कबार वर जाईना

२०२५ चा ऑक्टोबर म्हणजे आमच्यासारख्या घरोघरी जाऊन कॉम्प्युटर बघणाऱ्यांची नुसती पळापळ. १४ तारखेला विंडोज १० चा सपोर्ट संपणार म्हणून जो तो ११ टाकून मागत होता. त्यातच गिरगावातल्या डीटीपी करणाऱ्या एका काकूंकडे गेलो, दिवाळी अंकाची शेवटची पानं त्यांच्याकडे होती. मशीन तसं नवीन, ११ ला लागणारी टीपीएम ही सुरक्षेची चिप वगैरे सगळं होतं, अपग्रेड नीट झालं, फायली फॉन्ट सगळं जागच्या जागी. काकू बसल्या आणि म्हणाल्या, "अरे, ही पट्टी खाली कशाला आणलीस? वर ने बघू."

काकूंना डोळ्यांच्या आजारामुळे खालच्या बाजूचं जवळजवळ दिसतच नाही, समोर बघितलं की स्क्रीनची खालची कड गायब. म्हणून कित्येक वर्षं टास्कबार, म्हणजे उघडे प्रोग्रॅम दाखवणारी ती पट्टी, वर लावलेला आणि प्रत्येक फाईलचं नाव वेगळं दिसेल असं सेटिंग, कारण एका वेळी कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या सात-आठ फायली उघड्या असतात.

नावं दिसायची सोय ११ मध्ये आधी काढलेली, ती २०२३ मध्ये परत दिली, ते झालं. पण टास्कबार वर नेणं? विंडोज ९५ पासून पट्टी चारही कडांना लावता यायची, २०२१ मध्ये ११ आलं त्यात ते काढूनच टाकलं, तेव्हा सेटिंगमध्ये आयकॉन डावीकडे की मध्ये एवढंच विचारत होते. सुरुवातीला रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत, एक व्हॅल्यू बदलून पट्टी वर जायची, २०२२ च्या मोठ्या अपडेटनंतर तेही बंद. बाहेरची टूल्स आहेत, पण एखाद्या अपडेटनंतर ती बिघडली तर ऐन छपाईच्या वेळी काकूंनी करायचं काय? मी विंडोज की आणि आकडा दाबून प्रोग्रॅम उघडायला दाखवलं, पण त्या दर वेळी मान खाली घालून पट्टी शोधत होत्या आणि ते बघवेना.

अशा गोष्टींना लोक हौस समजतात, मला त्याचा खरंच राग येतो. काकूंसाठी ती पट्टी चष्म्याइतकीच गरजेची आहे.

शेवटी रिकव्हरीत जाऊन परत १० वर आणलं, अपग्रेडनंतर दहा दिवस तशी सोय असते, आणि जादा सिक्युरिटी अपडेटसाठी नोंदणी केली. पट्टी वर आली तशा काकू काही न बोलता कामाला लागल्या, रात्री पानं प्रेसला गेली.

पण ती अपडेट तेव्हा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच जाहीर होती. लिनक्सवर केडीई नावाच्या डेस्कटॉपमध्ये पट्टी हवी तिथे लावता येते, पण काकूंचं कोरल आणि मराठी टायपिंगचं श्रीलिपी तिथे सरळ चालत नाही, आणि या वयात त्यांना सगळं नव्याने शिकायला सांगायचं माझ्या जिवावर येतं. मायक्रोसॉफ्टला सूचना कळवायच्या फीडबॅक हब ॲपमध्ये टास्कबार हलवू द्या म्हणून आधीच ढीगभर मतं पडलेली होती, त्यात काकूंची अडचण सविस्तर लिहून माझंही घातलं.